पोरीची मजुरी धरून गाडीची किंमत सांगा

(जिल्हा बैठकीत एका कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मला कापसाच्या भावावर बोलायला सांगितले नाही, गाडीवर बोलायला सांगितले आहे. पण बोलणे संपेल तेव्हा दोन्ही गोष्टी एकच आहेत हे तुमच्या ध्यानात येईल, अशी माझी खात्री आहे.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे नावाचे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म तिथला. त्या गावातल्या एका लोहारकाम करणाऱ्या बापाने पोराच्या हौसेखातर भंगारातून एक छोटी जीप बनवली. मोटारसायकलीसारखी किक मारून सुरू होणारी. खर्च सांगितला गेला सुमारे ६० हजार रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये त्या गाडीची चित्रफीत गावोगावच्या मोबाइलवर फिरली. आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो त्या घराला मिळाली आणि भंगारातली गाडी कंपनीकडे गेली.

पारावर चर्चा झाली ती सगळी बोलेरोची. नशीब कसे उघडले, मोठ्या माणसाचे मन किती मोठे, वगैरे. मला बोलेरोबद्दल काही म्हणायचे नाही. त्या कारागिराच्या कष्टाचे चीज झाले, आनंद आहे. मला बोलायचे आहे ते त्या ६० हजारांबद्दल. ६० हजारांत गाडी झाली असे सगळा देश म्हणाला. मग बापाने किती दिवस हातोडा मारला, घरातल्या पोराने किती रात्री बॅटरी धरून उजेड दाखवला, ते दिवस कोणत्या खात्यात गेले? ६० हजार हा लोखंडाचा, टायरचा आणि सुट्या भागांचा दाम झाला. माणसाचा दाम कोणी विचारलाच नाही.

गाडी लागते कशाला?

पहिल्यांदा हे बघू की कोरडवाहू शेतकऱ्याला असली गाडी लागते कशाला. ही काही शहरातल्या लोकांची चिखलात गाडी उडवायची हौस नाही.

खरिपाची ज्वारी गेली, सोयाबीन आले. ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा गेला म्हणजे बैल कशावर पोसायचे? ज्याच्याकडे दोन जोड्या होत्या त्याच्याकडे एक राहिली, ज्याच्याकडे एक होती तो भाड्यावर आला. ट्रॅक्टर नांगरून देतो, पण पेरल्यावर ट्रॅक्टर वावरात घालता येत नाही. आणि ऑगस्टमध्ये पांदण बघा. काळी माती चाकाला अशी चिकटते की बैलगाडीचे चाक फिरायचे थांबते. तेव्हाच खताची पोती न्यायची असतात, फवारणीसाठी पाण्याचे पिंप न्यायचे असते. वेचणीच्या वेळी कापसाची गाठोडी बायांच्या डोक्यावरून सडकेपर्यंत येतात. एक किलोमीटर, कुठे दोन किलोमीटर. हे ओझे वाहणारी, चिखलात न फसणारी, छोटी, स्वस्त गाडी बाजारात आपल्यासाठी कोणी केलेली नाही. म्हणून बापलेक करतात.

आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखात हे आधी झालेले आहे. गुजरातेत अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगाणी या शेतकऱ्याने १९९४ साली बुलेट मोटारसायकलीचे मागचे चाक काढले, तिथे दोन चाकांचा आस बसवला, डिझेल इंजिन घातले आणि मागे औताची दांडी जोडली. दुष्काळाने बैल उरले नव्हते, त्यातून ही युक्ती निघाली. त्या यंत्राने पेरणी होते, डवरणी होते. लोक त्याला बुलेट सांती म्हणतात. पुढे त्याला अमेरिकेतसुद्धा पेटंट मिळाले. तेव्हा आपल्या हातांत अक्कल नाही असे कोणी म्हणू नये. अक्कल आहे. हिशेब नाही.

आमच्या अंगणातली गाडी

आता आमच्या घरचे सांगतो. माझी पोरगी १९ वर्षांची. आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला. आम्ही दोघांनी मिळून अंगणात गाडी बांधली. कशी बांधली ते थोडक्यात सांगतो, कारण उद्या तुमच्यापैकी कोणी करेल.

मोटारसायकलीचे इंजिन आम्ही घेतले नाही. ते पळताना लागणाऱ्या वाऱ्याने थंड होते. वावरात गाडी चालते पायी चालण्याच्या वेगाने, वारा लागत नाही, इंजिन तापून जाम होते. शिवाय त्याला मागे जायचा गिअर नसतो. पांदणीत फसल्यावर मागे जाता आले नाही तर बैल शोधत फिरा. म्हणून मोडीत निघालेल्या मालवाहू डिझेल ऑटोचा मागचा भाग घेतला. त्याच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो, रिव्हर्स गिअर असतो आणि डिफरन्शियल असते. डिफरन्शियल म्हणजे वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरू देणारी गिअरची पेटी. भंगारवाल्याकडून पावती घेतली आणि त्या ऑटोची नोंदणी रद्द झाल्याचा कागद घेतला. हे विसरू नका. चोरीचा माल निघाला तर गाडीबरोबर तुम्हीही ठाण्यात जाल.

मग चाकांचा प्रश्न आला. ऑटोचे चाक लहान, चिखलात गाडीचे पोट टेकते. मोठे चाक लावले तर पोट वर उचलते, पण ओढ कमी होते. पोरीने गणित मांडले: १८ इंचाच्या जागी २४ इंचाचे चाक लावले तर ओढ तीन चतुर्थांश राहील. मग काय करायचे? दोन्ही बाजूंना चाकाच्या अलीकडे एक-एक चेन घातली, १५ दात्यांच्या चक्रावरून ३० दात्यांच्या चक्रावर. त्याने वेग निम्मा होतो आणि ओढ दुप्पट. तीन चतुर्थांशाची दुप्पट म्हणजे दीडपट. पहिल्यापेक्षा दीडपट ओढ आणि दोन तृतीयांश वेग. वावराला हेच पाहिजे. हे गणित पोरीने भिंतीवर कोळशाने लिहिले होते, ते अजून पुसलेले नाही.

डिफरन्शियलला एक खोड असते. एक चाक चिखलात सुटे फिरू लागले की सगळा जोर त्या फिरणाऱ्या चाकातच वाया जातो आणि कोरड्या जागेवरचे चाक उभे राहते. ट्रॅक्टरवाल्याला हे ठाऊक आहे. म्हणून ट्रॅक्टरला डावा आणि उजवा ब्रेक वेगळा असतो. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला की दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. आम्ही मागच्या चाकांना तसेच दोन वेगळे ब्रेक ठेवले. मडगार्ड आणि टायर यांच्यात चार बोटे जागा ठेवली, नाही तर काळी माती तिथे भरून चाक धरते. चिखलात टायरची हवा थोडी कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि कमी रुततो.

जीव वाचवायचे नियम

आता जे सांगतो ते कान देऊन ऐका. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पीथमपूरला २००७ सालापासून इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची बाहा नावाची स्पर्धा सुरू झाली. पोरे स्वतः चिखलादगडांत चालणारी एक माणसाची गाडी बांधतात. इंजिन साधारण १० अश्वशक्तीचे, म्हणजे आपल्याच मापाचे. त्यांचा नियम असा की डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा पाहिजे, चालवणाऱ्याला पट्टे पाहिजेत, ब्रेक दाबला की चारही चाके जागच्या जागी बांधली गेली पाहिजेत, आग विझवायचे साधन पाहिजे आणि इंजिन बंद करायची दोन बटणे पाहिजेत. एक चालवणाऱ्याच्या हाताशी, दुसरे बाहेर उभ्या माणसाच्या हाताशी. त्या पोरांना हे परीक्षक तपासून देतात. आपल्याला तपासून देणारा कोणी नाही, म्हणून आपणच जास्त कडक व्हायचे.

त्यात आपल्या वावराचे चार नियम मी जोडतो. चेनवर पत्र्याचे झाकण घालाच. पदर, ओढणी, धोतर चेनमध्ये गेले तर माणूस ओढला जातो. सायलेन्सर झाकलेला ठेवा आणि वाळलेल्या पऱ्हाटीत किंवा कडब्याच्या गंजीजवळ गाडी उभी करू नका, ठिणगीला निमित्त पुरते. पाण्याचे २०० लिटरचे पिंप म्हणजे २०० किलो वजन. ते नेहमी गच्च भरलेले न्या किंवा रिकामे न्या. अर्धे भरलेले पाणी उतारावर एका अंगाला धावते आणि गाडी उलटते. आणि नाल्याच्या बांधावर गाडी आडवी चालवू नका, सरळ चढवा, सरळ उतरवा. बसायची जागा जितकी खाली तितकी गाडी स्थिर.

वहीतले पान

गाडी बांधायला लागलो त्या दिवशी मी एक वही आणली. डाव्या पानावर माल, उजव्या पानावर दिवस. पोरगी म्हणाली, "बाबा, घरच्या कामाची कोनी मजुरी लिहिते काय?" मी म्हणालो, "बाई, आपन लिहू. बाहेरचा माणूस लावला असता तर त्याला दिली असती ना?" रोज संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने लिहिले. आज किती तास, काय काम.

आता हिशेब ऐका. इंजिन, गिअर आणि डिफरन्शियलसह जुना सांगाडा २२,००० रुपये. इंजिनाच्या रिंगा, बेअरिंग, सील ६,५००. चौकोनी नळ्या, अँगल, पत्रा ९,८००. पुढची चाके आणि स्टिअरिंग ५,७००. टायर ४,८००. ब्रेक ३,४००. वेल्डिंगच्या कांड्या आणि वीज २,६००. बॅटरी, वायर, दिवे २,९००. बेरीज ५७,७०० रुपये. गावात सगळे म्हणतात, ५७ हजारांत गाडी झाली.

उजवे पान उघडा. पोरीचे ६१ दिवस, माझे ४८ दिवस. दोघांनाही एकच दर लावला, मिस्त्रीच्या हाताखालच्या माणसाचा, ५०० रुपये रोज. खरे म्हणजे डोके तिचे आणि हात माझे, तिला जास्त लावायला पाहिजे होते, पण तिनेच नको म्हटले. तिचे ३०,५०० झाले, माझे २४,००० झाले. मजुरी ५४,५०० रुपये. दोन्ही पानांची बेरीज १,१२,२०० रुपये. गाडीच्या किमतीचा जवळजवळ अर्धा भाग गावाला दिसतच नाही!

तुमच्यापैकी जे कार्यकर्ते आहेत त्यांना आता काहीतरी आठवले असेल. केंद्राचा कृषी मूल्य आयोग पिकाचा खर्च काढतो तेव्हा त्याची वेगवेगळी मापे असतात. खिशातून रोख गेलेला आणि विकत आणलेल्या मालाचा खर्च तो ए-२. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-२ अधिक एफएल. त्याच्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज चढवले की सी-२. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट हमीभाव जाहीर केला तो ए-२ अधिक एफएलच्या दीडपट. आपले म्हणणे सी-२ धरा. तो वाद तुम्हाला पाठ आहे.

आता आमच्या वहीकडे बघा. डावे पान म्हणजे ए-२. दोन्ही पाने मिळून ए-२ अधिक एफएल. त्यात चार महिने अडकलेल्या पैशाचे व्याज आणि वेल्डिंग मशीनची झीज धरली की सी-२ कडे जातो. आयोगाला आपण दिल्लीत जाऊन सांगतो की आमच्या बायकापोरांचे कष्ट धरा, पूर्ण धरा. आणि घरात पोरीने दोन महिने पाना हाती धरला तर म्हणतो, गाडी ५७ हजारांत झाली! आपल्या घरातली मजुरी आपणच शून्य लिहिली तर आयोगाने का म्हणून जास्त लिहावी?

भंगार ते आपल्या दारात

ही वही नुसती शोभेची नाही. तिचा उपयोग कसा झाला तेही सांगतो. गाडी झाल्यावर पोरगी जिल्ह्याच्या गावी एका वर्कशॉपमध्ये काम मागायला गेली. मालक म्हणाला, सहा महिने शिकाऊ म्हणून ये, पैशाचे नंतर बघू. तिने वही पुढे केली. ६१ दिवसांचे काम तारखेनिशी लिहिलेले. मालकाने चाळली आणि म्हणाला, हे तर घरचे काम. तिने वही उचलली आणि परत आली.

आज ती आमच्याच अंगणात गावाचे फवारणी पंप, पाण्याची इंजिने आणि मोटारसायकली दुरुस्त करते. दाराच्या चौकटीवर खडूने दर लिहून ठेवला आहे. तुम्हाला वाटेल गोष्ट इथे गोड झाली. नाही झाली. गावातलीच माणसे पंप घेऊन येतात, काम करून घेतात आणि म्हणतात, "आपल्याच गावची पोरगी, हिला काय पैसे द्यायचे? चहा पाजू." शहरातल्या मिस्त्रीला मुकाट्याने ३०० रुपये मोजून येणारा माणूस आपल्या पोरीला चहा पाजतो!

जिनिंगवाला आपल्या कापसात कवडी काढतो, ओलावा काढतो, भाव पाडतो, तेव्हा आपल्याला संताप येतो. येऊ द्या. पण तो जे करतो तेच आपण पोरीच्या कामाचे करतो. माल चांगला, दाम नाही. कष्ट खरे, किंमत नाही. मग ती पोरगी पुण्याला निघून गेली की आपणच म्हणायचे, गावात तरुण राहत नाहीत.

कायद्याचे काय?

शेवटी एक सावधगिरी, कारण इथे बापांच्या जमिनी जाऊ शकतात. घरी बांधलेली गाडी वावरात ठेवा, सडकेवर आणू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली जुगाड गाड्यांबद्दल स्पष्ट सांगितले की जुगाड हेही मोटार वाहनच आहे आणि त्याला सगळा कायदा लागू आहे. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. विमा नाही आणि कोणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून, म्हणजे वावर विकून. आणि १८ वर्षांखालच्या पोराच्या हाती सडकेवर गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर बापाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. पोराला बांधायला शिकवा, सडकेवर चालवायला वय होऊ द्या.

हा कायदा आपल्याला सोयीचा आहे का? नाही. सडकेवर माणसे मरू नयेत हे त्याचे कारण खरे आहे आणि ते मान्य करायला पाहिजे. पण वावरापासून सडकेपर्यंत दहा-पंधरा किलोमीटरच्या वेगाने कापूस वाहणाऱ्या गाडीला तपासून घ्यायची काही सोपी वाट असावी, तालुक्याच्या आयटीआयमध्ये ब्रेक, दिवे, पिंजरा तपासून चिठ्ठी मिळावी, एवढी मागणी आपण करू शकतो. कंपनीचा मोठा माणूस चित्रफीत बघेल आणि बोलेरो देईल, याची वाट बघणे हा धंदा नव्हे. एका घराला बोलेरो मिळाली. बाकीच्या हजार अंगणांत जी पोरे पाना धरून बसली आहेत त्यांना बक्षीस नको आहे, दर पाहिजे.

म्हणून या बैठकीतून तीन कामे घेऊन जा. एक, घरात जे काही बांधाल, गाडी असो, गोठा असो की कोळप्याची दुरुस्ती, त्याच्या वहीत पोरापोरीच्या नावाचे उजवे पान ठेवा आणि त्याच्यावर दर लिहा. दोन, गावातल्या पोरीने किंवा पोराने यंत्र दुरुस्त करून दिले तर शहरातल्या मिस्त्रीला देता तेवढेच पैसे रोख द्या, चहा वेगळा पाजा. तीन, पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. दहा गावांच्या दहा वह्या जमल्या तर घरच्या मजुरीचा आकडा आपल्या हातात असेल आणि भावाच्या मागणीला तोच आकडा जोडता येईल.

आमची वही मी आणली आहे. बैठक संपल्यावर ज्याला बघायची असेल त्याने बघावी. गाडीच्या मापांचा कागदही तिच्यातच आहे. तो उतरवून घ्यायचे पैसे नाहीत, पण काही अडले आणि पोरीला बोलावले तर तिचा रोज द्यावा लागेल.